अकरा वर्षांचे महाराज आणि आपलं महू

६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला ईस्ट इंडिया कंपनी आणि ‘महाराज मल्हारराव होळकर’ यांच्यात तह झाला. या तहाने होळकरांच्या राज्याचा मोठा तुकडा गेला, राजपुतान्यावरचे हक्क गेले, दुसऱ्या राज्यांशी आपणहून बोलण्याची मोकळीक गेली आणि होळकरांच्या मुलखात कंपनीची फौज कायमची येऊन बसली. त्या फौजेसाठी जी छावणी वसली ती म्हणजे आपलं महू. तह करणाऱ्या महाराजांचं वय त्या दिवशी अकराच्या आसपास होतं.

महूच्या इतिहासावर बोलायला बसलं की सुरुवात सर जॉन मॅल्कमपासून होते. मग १ जुलै १८५७ ची रात्र, मग रेल्वे, मग १४ एप्रिल १८९१ आणि बाबासाहेबांचा जन्म. मधूनच कुणीतरी ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ ही गंमत सांगतो. ती गंमतच आहे, कारण मऊ नावाचं गाव छावणीच्या आधीपासून इथे होतं आणि छावणीने त्याचंच नाव घेतलं. पण ज्याच्या नावाने झालेल्या तहामुळे ही छावणी आली, त्या मुलाबद्दल दोन वाक्यंसुद्धा बोलली जात नाहीत. हा निबंध त्या मुलाबद्दल आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. राजाला आदरार्थी ‘ते’ म्हणण्याची आपली रीत आहे. पण पाच वर्षांच्या, अकरा वर्षांच्या मुलाला ‘ते’ म्हटलं की तो मूल होता हेच डोळ्यांआड होतं. म्हणून तो मोठा होईपर्यंत मी त्याला ‘तो’च म्हणणार आहे. अनादर नाही, उलट जरा जवळून बघणं आहे.

कितवा मल्हारराव?

होळकर घराण्यात मल्हारराव एकाहून जास्त झाले. पहिले सुभेदार मल्हारराव, अहिल्याबाईंचे सासरे, १७६६ साली वारले. त्यानंतर तुकोजी होळकरांचे चिरंजीव मल्हारराव. १७९७ मध्ये तुकोजी वारल्यावर गादीचा तंटा पेटला, दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली आणि १४ सप्टेंबरला पुण्यात हे मल्हारराव मारले गेले. त्यांना गादीच्या यादीत धरलं तर आपला मल्हारराव तिसरा, नाही धरलं तर दुसरा. पुस्तकांत दोन्ही आकडे सापडतात, म्हणून वाचणाऱ्याने आकड्याऐवजी वर्ष पाहावं. आपण बोलतोय तो १८११ ते १८३३ या काळातला, यशवंतरावांचा मुलगा.

१७९७ च्या त्या खुनातूनच पुढचं सगळं निघालं. मेलेल्या मल्हाररावांची बायको गरोदर होती. तिला मुलगा झाला, खंडेराव, आणि तो शिंद्यांच्या ताब्यात वाढू लागला. यशवंतराव पुण्यातून निसटले, त्यांनी मुलूखभर फिरून फौज उभी केली आणि १७९९ पासून राज्य हातात घेतलं. पण ते घेताना त्यांनी नाव पुढे केलं या पुतण्याचं. १८०१ मध्ये त्यांचा भाऊ विठोजी याला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं गेलं. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरजवळ यशवंतरावांनी पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. तेव्हाही घराण्याचा नावाचा धनी होता तो लहानगा खंडेराव. पुढे ते लेकरू वारलं आणि त्या मृत्यूभोवती संशयाची कुजबुज राहिली.

हे एवढ्यासाठी सांगितलं की होळकरांच्या दौलतीत मुलाच्या नावाने कारभार ही रीत मल्हाररावाच्या जन्माआधीच पडली होती. त्याच्या बापानेच ती वापरली होती. मग तीच रीत त्याच्या स्वतःच्या मुलावर उलटली.

बापाच्या सावलीत

मल्हाररावाचा जन्म १८०६ चा. त्याची आई केसरबाई, पुढे कृष्णाबाई म्हणून ओळखली गेलेली. इंदूरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत जिची छत्री आहे ती हीच. मॅल्कम तिला कुंभाराच्या घरातली म्हणतो. त्या काळच्या दरबारात अशा आईचा मुलगा गादीवर बसायचा तर त्याला कुणाच्या तरी मांडीवर द्यावं लागे. त्याला मांडीवर घेतलं तुळसाबाईने, जी यशवंतरावांच्या शेवटच्या काळात सगळा कारभार पाहत होती.

यशवंतरावांची शेवटची वर्षं वाचवत नाहीत. भानपुऱ्याला त्यांनी तोफा ओतायचा कारखाना काढला होता आणि भट्टीपाशी ते स्वतः राबत. इंग्रजांशी पुन्हा एकदा भिडायचं, ही त्यामागची धग. १८०८ च्या सुमारास त्यांचं डोकं ठिकाणावर राहिनासं झालं. मॅल्कम लिहितो की त्यांना दोरांनी बांधून ठेवावं लागे आणि शेवटी ते दुधावर होते. २८ ऑक्टोबर १८११ ला भानपुऱ्यालाच ते गेले. तिथे त्यांची छत्री आहे.

म्हणजे मल्हारराव दोन वर्षांचा असल्यापासून पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला दिसलेला बाप हा असा होता. हडपसरचा विजेता त्याने पाहिलाच नाही. आपण यशवंतरावांचे पोवाडे गातो तेव्हा हे ध्यानात ठेवायला हवं.

बाप गेल्यावर पाच वर्षांचं पोर गादीवर बसलं. कारभार तुळसाबाई आणि दिवाण गणपतराव यांच्या हाती. फौज प्रचंड, तिजोरी रिकामी. पगार थकले की पलटणी दारात धरणं धरून बसत. मुक्काम कधी इथे, कधी तिथे, राजधानी म्हणजे तंबू. बाळाराम सेठ नावाचे जुने कारभारी तुळसाबाईच्या हुकमाने मारले गेले, तेव्हापासून सरदारांचा आणि तिचा उभा दावा झाला. या गोंधळात मल्हारराव महत्त्वाचा होता तो एकाच कारणाने. तो ज्याच्या तंबूत, दौलत त्याची.

१९, २० आणि २१ डिसेंबर १८१७

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशवे आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्याच महिन्यात नागपूरला सीताबर्डीवर भोसल्यांची. होळकर कुठल्या बाजूला जाणार हा प्रश्न उरला होता. दक्षिणेकडून सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन येत होता, त्याच्याबरोबर मॅल्कम. होळकरांचा तळ क्षिप्रेकाठी महिदपूरजवळ पडला होता.

तुळसाबाई आणि गणपतराव इंग्रजांशी बोलणी करत होते. पलटणींच्या सरदारांना लढायचं होतं, आणि त्यांना ही बोलणी म्हणजे दगा वाटत होता. १९ डिसेंबरला त्यांनी निकाल लावला. मॅल्कमच्या हकिकतीत एक तपशील आहे, तो मला बाकी सगळ्या लढाईपेक्षा मोठा वाटतो. मल्हारराव तंबूपाशी खेळत होता. त्याला गोड बोलून तिथून बाजूला नेलं आणि त्याच वेळी तुळसाबाईवर पहारा बसला.

खेळणारं पोर उचललं आणि राज्य एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. तेवढंच पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तुळसाबाईला पालखीत घालून क्षिप्रेच्या काठी नेलं, तिथे तिचा शिरच्छेद केला आणि प्रेत नदीत टाकलं. तिचं वय तिशीच्या आत होतं. मॅल्कम तिच्याबद्दल फार कडक लिहितो, ती क्रूर होती, तिच्यासाठी कुणी बोट उचललं नाही, असं. ते खरंही असेल. पण एक लक्षात घ्या, ती मारली गेली ती मॅल्कमच्याच बाजूशी बोलणी केल्याच्या संशयावरून, आणि तिची कथा लिहिली ती मॅल्कमनेच. तिच्या बाजूने लिहिणारा कुणी नव्हता. मल्हाररावाच्या दृष्टीने मात्र हिशेब सरळ आहे. ज्या बाईच्या मांडीवर तो वाढला ती एका रात्रीत नाहीशी झाली, आणि पुढच्या दिवशी त्याला लढाईला नेलं.

२१ डिसेंबरची लढाई. इंग्रजांनी तोफांच्या माऱ्याखाली क्षिप्रा ओलांडली. होळकरांचे गोलंदाज तोफांजवळून हलले नाहीत, तिथेच कापले गेले. इंग्रजांकडचे ठार आणि जखमी मिळून पावणेआठशेच्या घरात, ही त्या गोलंदाजांचीच कमाई. घोडदळ मात्र टिकलं नाही. गफूरखान मैदान सोडून गेला. तोफा, सामान, तळ, सगळं इंग्रजांच्या हाती पडलं. मल्हारराव रणात होता, त्याची बहीण भीमाबाई होती, चुलतभाऊ हरिराव होता. फौज पळताना पाहून मल्हाररावाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने लोकांना मागे फिरा म्हणून विनवलं, असं सांगितलं जातं. सांगणारे ते शौर्य म्हणून सांगतात. असेलही. पण परवा आई गेलेल्या अकरा वर्षांच्या पोराच्या रडण्याला फक्त शौर्याचं नाव देणं मला जड जातं.

तह कुणाचा?

लढाईनंतर पंधरा दिवसांत मंदसोरला तह झाला. होळकरांच्या बाजूने बोलायला बसले तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे. समोर मॅल्कम. कलमं थोडक्यात अशी. उदेपूर, जयपूर, जोधपूर, कोटा, बुंदी, करौली यांच्यावरचे सगळे हक्क सोडायचे. कोट्याच्या जालिमसिंगाला चार परगणे द्यायचे. सातपुड्यातला आणि त्याच्या दक्षिणेचा मुलूख, सेंधव्याच्या किल्ल्यासकट, कंपनीला द्यायचा. गफूरखानाकडची जहागीर मान्य करायची, त्यातूनच जावऱ्याची नबाबी उभी राहिली. तीन हजार स्वार कंपनीच्या कामासाठी तयार ठेवायचे. बाहेरच्या राज्यांशी पत्रव्यवहार कंपनीमार्फतच. राज्याच्या रक्षणासाठी कंपनी फौज ठेवील, ती कुठे ठेवायची ते कंपनी ठरवील.

आणि एक कलम असं, की पेशवे किंवा त्यांचे वारस यांना मल्हारराव होळकरांवर कसलाही अधिकार यापुढे चालवू दिला जाणार नाही. पहिल्या मल्हाररावांनी ज्या पेशव्यांच्या चाकरीत माळव्यात पाय रोवला, त्या नात्याची गाठ त्यांच्याच नावाच्या मुलाच्या नावाने सुटली. हे मी शोक म्हणून सांगत नाही. यशवंतरावांनी ती गाठ आधीच पुरेशी ताणली होती. पण ती सोडायचा निर्णय ज्याच्या नावावर जमा आहे त्याला ती गाठ काय होती हेही कळायचं वय नव्हतं.

त्याच्या नावाची किंमत इतरांनी कशी मोजली याचं उदाहरण थाळनेर. तापीकाठचा हा किल्ला तहाने इंग्रजांकडे जाणार होता. २७ फेब्रुवारी १८१८ ला हिस्लॉप तिथे पोचला तेव्हा किल्लेदाराने दार उघडलं नाही. धन्याच्या नावाने झालेला तह आणि डोळ्यांसमोरची परकी फौज, यातलं खरं काय मानायचं हे ठरवायला त्याला फार वेळ मिळाला नाही. दारापाशी चकमक झाली, इंग्रज अधिकारी पडले, आणि मग शिबंदीची कत्तल झाली. किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिलं. या फाशीवर विलायतेच्या पार्लमेंटातही बोललं गेलं. भीमाबाईने तह मानला नाही, ती काही काळ लढत राहिली, पण लवकरच तिलाही शस्त्र खाली ठेवावं लागलं.

आणि त्याच वर्षी इंदूरच्या दक्षिणेला साधारण पाच-सहा कोसांवर, मऊ गावाजवळ, कंपनीची छावणी पडली. जागा विचारपूर्वक निवडलेली. इंदूर हाकेच्या अंतरावर, आणि दक्षिणेला विंध्याचे घाट, जिथून नर्मदेकडे आणि पुढे दख्खनेत उतरता येतं. जाम घाटात अहिल्याबाईंच्या काळचा दरवाजा आहे, तो महू-महेश्वर वाट किती जुनी आहे याची साक्ष. अहिल्याबाईंनी जी वाट वाटसरूंसाठी नीट केली, तिच्या तोंडाशी आता कंपनीचे तंबू उभे राहिले.

एक दूरचा सोबती

अशा मुलाला समजून घ्यायला मला इजिप्तच्या तुतानखामुनची मदत झाली. हा सांधा ओढूनताणून जोडलेला वाटेल, पण दोघांची परिस्थिती शेजारी ठेवून पाहा.

तुतानखामुन इसवी सनापूर्वी १३३२ च्या सुमारास आठ-नऊ वर्षांचा असताना गादीवर आला. त्याच्या आधीच्या अखेनातेनने जुने देव मोडीत काढून एकाच सूर्यबिंबाची पूजा लादली होती आणि राजधानीही हलवली होती. मागे राहिला विस्कटलेला देश आणि एक पोर. वडीलधाऱ्यांनी, म्हणजे आय आणि सेनापती होरेमहेब यांनी, त्या पोराच्या नावाने सगळं मागे फिरवलं. मुलाचं नावसुद्धा बदललं, तुतानखातेनचा तुतानखामुन झाला. कर्नाकच्या देवळात एक मोठी शिळा उभी केली, तिच्यावर राजा सांगतो की देवळं पडली होती, देवांनी देशाकडे पाठ फिरवली होती, मी ती पुन्हा उभी केली. हे ‘मी’ म्हणणारं मूल दहा-बारा वर्षांचं होतं. पुढे होरेमहेब स्वतः राजा झाला तेव्हा त्याने त्या शिळेवरचं तुतानखामुनचं नाव खोडून आपलं कोरलं. मंदसोरचा तह आणि कर्नाकची शिळा, दोन्हीकडे कर्ता मुलगा, करवणारे दुसरे.

साम्य इथपर्यंत आहे, पुढे वाटा फुटतात. तुतानखामुन एकोणीसच्या आसपास मेला. ४ नोव्हेंबर १९२२ ला हॉवर्ड कार्टरला त्याच्या कबरीच्या पायऱ्या सापडल्या. आत पाच हजारांहून जास्त वस्तू होत्या, त्यांत सव्वाशेच्या वर काठ्या, आणि दोन अपुऱ्या दिवसांच्या मुलींची इवली शवं. १९६८ मध्ये क्ष-किरण चित्रात कवटीत हाडाचे तुकडे दिसले आणि डोक्यात घाव घालून खून, असा गाजावाजा झाला. २००५ च्या सीटी स्कॅनने तो संशय बराचसा उतरवला. २०१० च्या तपासणीत मलेरियाच्या खुणा आणि पायाच्या हाडाचा विकार पुढे आला. म्हणजे ज्याच्या नावाने शिळेवर खोटं-खरं लिहिलं गेलं, त्याचं स्वतःचं म्हणणं तेहतीस शतकांनी त्याच्या हाडांनी सांगितलं. मी लंगडत होतो, मी आजारी होतो, माझ्या दोन लेकी जगल्या नाहीत.

आपल्याकडे देह अग्नीला दिला जातो. मल्हाररावाची हाडं कुणी तपासणार नाही. उरतात ते कागद, आणि कागदांत आहे त्याचं नाव. म्हणून आपल्याला ते कागदच वेगळ्या तऱ्हेने वाचावे लागतात, नाव कुठे आहे आणि मुलगा कुठे आहे हे वेगळं करत.

इंदूर, आणि मोठं होणं

१८१८ च्या नोव्हेंबरात राजधानी इंदूरला आली. आपण आज ज्या इंदूरला इतकं गृहीत धरतो ते राजधानीचं शहर झालं ते या मुलाच्या नावाने. कारभार तात्या जोगांचा. त्यांनी फौज कमी केली, महसुलाची घडी बसवली, उजाड गावं पुन्हा वसवली. १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटून राजवाडा जाळला होता, त्याचं पुन्हा बांधकाम याच कारकिर्दीतलं. माणूस हुशार होता यात वाद नाही. मॅल्कमलाही त्याचं कौतुक होतं. पण १८२६ पर्यंत, म्हणजे तात्या जोग वारले तोपर्यंत, राज्य त्यांचं आणि रेसिडेंटाचं होतं. महाराज विशीला पोचले होते.

या काळातली एक घटना माझ्या मुद्द्याचा कळस आहे. १८१९ मध्ये एक माणूस उठला आणि म्हणाला, खरा मल्हारराव मीच. त्याच्याभोवती अरब आणि मकराणी शिपायांची फौजही जमली. ते बंड मोडलं गेलं. तोतया आपल्या इतिहासाला नवा नाही, पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया झालाच होता. पण भाऊंचा तोतया उभा राहिला तो भाऊ परत आले नाहीत म्हणून. मल्हारराव तर इंदूरच्या वाड्यात जिवंत होता! तरीही दुसऱ्या कुणाला त्याचं नाव उचलून चालता आलं, कारण लोकांना ते नाव ठाऊक होतं, चेहरा नव्हता.

त्याच सुमारास चुलतभाऊ हरिरावाने बंड केलं. महिदपूरच्या रणात जो बरोबर होता तोच. त्याला महेश्वरच्या किल्ल्यात अडकवलं गेलं, आणि मल्हाररावांच्या उरलेल्या आयुष्यभर तो तिथेच राहिला.

आता त्यांना ‘ते’ म्हणायला हरकत नाही. तात्या जोगांनंतर दिवाण बदलत राहिले. विशीतल्या महाराजांना हाती आलेलं राज्य असं होतं, की लढाई करायची नाही, शेजाऱ्याला पत्र लिहायचं नाही, फौज मोजून मापून ठेवायची, आणि पाच-सहा कोसांवर महूत तोफा आपल्या दिशेने आहेत की आपल्यासाठी आहेत हे रोज नव्याने समजून घ्यायचं. अशा राजांबद्दल पुस्तकांत ‘कर्तृत्व दाखवलं नाही’ असा शेरा सहज मारला जातो. कर्तृत्व दाखवायला जागा कुठे ठेवली होती, हा प्रश्न त्या शेऱ्याच्या आधी यायला हवा.

२७ ऑक्टोबर १८३३ ला मल्हारराव वारले. वय सत्तावीसच्या आसपास. बापाच्या मृत्यूला बावीस वर्षं पुरी व्हायला एकच दिवस कमी होता. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनला मॅल्कम वारला होता. एकाच तहाची ही दोन नावं पाच महिन्यांच्या अंतराने गेली. मॅल्कमचं माळव्यावरचं मोठं पुस्तक मागे राहिलं, आणि आज आपण मल्हाररावांबद्दल जे जाणतो त्यातलं कितीतरी त्या पुस्तकातून.

मुलगा नव्हता. विधवा गौतमाबाईंनी मार्तंडराव नावाचं लहान मूल दत्तक घेतलं आणि जानेवारी १८३४ मध्ये ते गादीवर बसवलं. तीनच महिन्यांत, एप्रिलमध्ये, महेश्वरच्या किल्ल्यातून सुटलेले हरिराव गादीवर आले आणि मूल बाजूला झालं. १८४३ मध्ये हरिराव वारले, त्यांचा दत्तक खंडेराव बसला आणि फेब्रुवारी १८४४ मध्ये लग्नाच्या आधीच गेला. मग तुकोजीराव दुसरे, तेही अल्पवयीन. पुतण्या खंडेरावापासून मोजलं तर अर्ध्या शतकात या घराण्याच्या गादीच्या नावावर पाच मुलं येऊन गेली. त्यांतल्या तुकोजीरावांनाच लांब आयुष्य आणि खरा कारभार मिळाला. कृष्णाबाई हे सगळं बघत होती. मुलगा गेल्यावरही ती कितीतरी वर्षं जगली.

महूकरांसाठी एवढंच

हा निबंध मल्हाररावांना थोर ठरवण्यासाठी नाही. ते थोर नव्हते, आणि त्यांना थोर व्हायची संधीही नव्हती. माझं म्हणणं मर्यादित आहे. इतिहासात ‘अमक्या राजाने तह केला, मुलूख दिला, राजधानी हलवली’ अशी वाक्यं आपण सर्रास लिहितो, मंडळाच्या जुन्या निबंधांतही आहेत. कर्ता अल्पवयीन असेल तेव्हा हे वाक्य खोटं बोलतं. ‘मल्हाररावांच्या नावाने तात्या जोग आणि मॅल्कम यांनी तह केला’ हे वाक्य लांब आहे, पण खरं आहे. यापुढे आपण ते लांब वाक्यच लिहावं, अशी माझी सूचना आहे.

महू छावणीचा स्थापना-काळ सांगताना आपण मॅल्कमबरोबर त्या मुलाचंही नाव घ्यावं आणि वयही सांगावं. शाळेतली पोरं आपल्याबरोबर गाव बघायला येतात, त्यांतली बरीचशी अकरा-बारा वर्षांचीच असतात. त्यांना सांगावं की तुमच्याएवढ्या एका मुलाला खेळातून उचलून नेलं, त्याच्या आईला मारलं, त्याला लढाईत उभं केलं, आणि पंधरा दिवसांनी त्याच्या नावाने एक कागद लिहिला. आपलं गाव त्या कागदातून आलं.